निसर्ग माणसाच्या वीसपट कार्बन सोडतो, मग बाऊ कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: झाडं, माती आणि समुद्र मिळून दरवर्षी माणसाच्या वीसपट कार्बन हवेत सोडतात, मग माणसाच्या वाट्याचा एवढा बाऊ कशासाठी? त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. कार्बन डायऑक्साइड हवेत चार-पाच वर्षंच टिकतो असं एकीकडे वाचायला मिळतं आणि हजारो वर्षं टिकतो असं दुसरीकडे, तर खरं कुठलं? आणि भरपूर झाडं लावली तर हिशेब जुळणार नाही का?

माझं काम माती आणि जंगलातला कार्बन मोजण्याचं. त्यामुळे जमिनीबद्दल जरा जास्त बोलेन, ते चालवून घ्या.

वीसपटीचा आकडा बरोबर आहे. जमिनीवरच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून वर्षाला साधारण १२० ते १३० अब्ज टन कार्बन हवेतून उचलतात. समुद्र आणि हवा यांच्यात दोन्ही बाजूंनी आणखी ८० अब्ज टनांच्या आसपास देवघेव होते. दोन्ही मिळून २०० अब्ज टनांच्या वर. माणूस कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून सुमारे १० आणि जंगलतोड वगैरेतून आणखी १ अब्ज टन टाकतो. (इथले सगळे आकडे नुसत्या कार्बनच्या वजनाचे आहेत. बातम्यांत दिसणारे ४० अब्ज टन हे कार्बन डायऑक्साइडचं वजन असतं. ११ ला ३.६७ ने गुणलं की तोच आकडा येतो. या दोन एककांच्या घोळामुळे जितके वाद होतात तितके विज्ञानामुळे होत नाहीत.)

गोम अशी की २०० ही उलाढाल आहे, शिल्लक नव्हे. एखाद्या दुकानाची रोजची उलाढाल लाखांत असू शकते, पण गल्ल्यात रोज किती पैसे साठत जातात ते जमा आणि खर्च यांच्या फरकावर ठरतं. निसर्गाची जमा आणि खर्च औद्योगिक काळाआधी हजारो वर्षं जवळजवळ सारखी होती. झाडं जेवढं उचलायची तेवढंच श्वसन, कुजणं आणि वणवे यांतून परत यायचं. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून हे थेट मोजता येतं. गेल्या आठ लाख वर्षांत हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण १८० ते ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) या पट्ट्यातच फिरलं, आणि १७५० च्या आधीची काही हजार वर्षं ते २६० ते २८० पीपीएमच्या बाहेर फारसं गेलंच नाही. आज ते ४२० च्या पुढे आहे. एक पीपीएम म्हणजे २.१२ अब्ज टन कार्बन. म्हणजे हवेतला साठा ६०० अब्ज टनांच्या खालून जवळपास ९०० अब्ज टनांवर गेला.

हा वाढलेला कार्बन निसर्गातूनच आला नसेल कशावरून, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. तीन पुरावे एकमेकांशी संबंध नसताना एकाच बाजूला बोट दाखवतात. कार्बन-१४ हे किरणोत्सारी समस्थानिक ५,७३० वर्षांत निम्मं होतं. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं असल्याने त्यात ते उरलेलंच नसतं, आणि हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण जुन्या कार्बनने पातळ होत चालल्याचं रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. दुसरं, वनस्पती कार्बन-१३ (कार्बनचाच जरा जड प्रकार) जरा कमी घेतात, त्यामुळे वनस्पतींपासून बनलेल्या इंधनातही ते कमी असतं. ते जाळल्यावर हवेतलं कार्बन-१३ घटायला हवं, आणि ते घटतं आहे. तिसरा पुरावा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो अगदी साधा आहे: काहीही जाळलं की ऑक्सिजन खर्च होतो. हवेतला ऑक्सिजन खरोखर कमी होतो आहे. अतिशय थोडा, श्वास घेण्याच्या दृष्टीने नगण्य, पण ज्वलनाच्या हिशेबाशी जुळणारा. कार्बन समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आला असता तर ऑक्सिजनवर हा परिणाम दिसला नसता. ज्वालामुखींचं म्हणाल तर त्यांचा वर्षाचा वाटा माणसाच्या एक टक्क्याच्या आसपासच आहे.

आता हा कार्बन राहतो कुठे ते पाहू. पृथ्वीवरचा जवळपास सगळा कार्बन खडकांत आहे: चुनखडीत कार्बोनेटच्या रूपात आणि शेलसारख्या गाळाच्या खडकांत सेंद्रिय पदार्थाच्या रूपात, मिळून काही कोटी अब्ज टन. कोळसा आणि तेल हा त्यातला अगदी किरकोळ भाग. त्याखालोखाल समुद्र, सुमारे ३८,००० अब्ज टन. मग माती, वरच्या एका मीटरमध्ये साधारण १,५०० अब्ज टन, आणि खोलवर गेलं तर बरीच जास्त. सगळी झाडंझुडपं मिळून ४५० अब्ज टनांच्या आसपास. पण साठ्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो तो म्हणजे त्या साठ्यातून कार्बन किती वेळाने बाहेर पडतो. या क्षेत्रात काम करणारी माणसं किती टन हे विचारण्याआधी किती वर्षं हे विचारतात.

पान घ्या. झाडाने उचललेल्या कार्बनपैकी निम्मा तर झाड स्वतःच्या श्वसनातच परत सोडतं. उरलेला, जगभराचा मिळून ६० अब्ज टन, पानं, खोड, मुळं यांत जातो. पानातला कार्बन काही महिने ते दोन-चार वर्षं राहतो, खोडातला काही दशकं ते काही शतकं. शेवटी सगळं जमिनीवर पडतं आणि बुरशी व जिवाणू ते खाऊन पुन्हा हवेत सोडतात. उत्तर गोलार्धात जमीन जास्त असल्यामुळे तिथल्या उन्हाळ्याचा परिणाम अख्ख्या जगाच्या हवेत दिसतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या माउना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा पहिल्या दोन-तीन वर्षांतच हे लक्षात आलं: आकडा मे महिन्यात सर्वांत वर, मग पाने भरभरून वाढतात तसा घसरत सप्टेंबरच्या अखेरीस तळाला. तिथे हा चढउतार सुमारे सहा पीपीएमचा आहे. आर्क्टिकच्या जवळ तो याहून कितीतरी मोठा आहे, दक्षिण ध्रुवावर मात्र जेमतेम.

ॲमेझॉन म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, हे वाक्य यामुळेच मला खटकतं. पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन देतं जवळपास तेवढाच कुजण्यात आणि श्वसनात परत वापरतं. त्या जंगलाची किंमत ऑक्सिजनमध्ये नाही, त्याच्या खोडांत आणि मातीत अडकून राहिलेल्या कार्बनमध्ये आहे.

मातीकडे वळतो. मातीतला काही कार्बन हजारो वर्षं का टिकतो, याबद्दलचं मत गेल्या दोन-तीन दशकांत पार बदललं. पूर्वी शिकवलं जायचं की कुजताना ह्यूमस नावाचे मोठे, गुंतागुंतीचे रेणू तयार होतात आणि ते जिवाणूंना पचत नाहीत. आज बहुतेकांचं मत असं आहे की योग्य परिस्थिती मिळाली तर जिवाणू जवळपास काहीही पचवतात. टिकतं ते न पचण्यामुळे नाही, हाती न लागण्यामुळे. सेंद्रिय रेणू चिकणमातीच्या कणांना, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना चिकटून बसतात, किंवा मातीच्या ढेकळांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत कोंडले जातात. यातला बराच भाग मुळांतून पाझरलेल्या रसांचा आणि मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांचा असतो, वरून पडलेल्या पाल्याचा तुलनेने कमी. नांगर घातला की ढेकळं फुटतात, हवा आत शिरते आणि कोंडलेलं अन्न जिवाणूंसमोर येतं. शेतीच्या सुरुवातीपासून आजवर मातीने गमावलेला कार्बन १०० अब्ज टनांच्या वर असल्याचा अंदाज आहे.

तो परत भरता येतो का? काही प्रमाणात, हो. पण मोजताना सांभाळावं लागतं. हेक्टरी ६०-७० टन कार्बन असलेल्या शेतात चांगल्या पद्धतीने वर्षाला अर्ध्या टनाचीही भर पडली तर ती मोठी म्हणायची, आणि त्याच शेताच्या दोन कोपऱ्यांतला फरक याच्या दसपट असू शकतो. म्हणून नुसती सेंद्रिय कर्बाची टक्केवारी दाखवून कुणी किती टन साठवले ते सांगत असेल, तर मी आधी नमुन्याची खोली आणि मातीची घनता विचारतो. नांगरणी बंद केली की कार्बन बऱ्याचदा वरच्या थरात गोळा होतो आणि खालच्या थरात कमी होतो. वरचे पंधरा सेंटिमीटरच तपासले तर भर पडल्यासारखी वाटते.

पाणी आणि थंडी यांनी राखलेला कार्बन ही वेगळीच गोष्ट आहे. पाणथळ जागेत ऑक्सिजन पोचत नाही म्हणून मेलेल्या वनस्पती पूर्ण कुजत नाहीत आणि पीट नावाचा थर वर्षाला एखाद्या मिलिमीटरने वाढत जातो. असे प्रदेश जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहेत, पण जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन असेल त्याहून जास्त त्यांच्यात आहे. काँगो नदीच्या खोऱ्याच्या मध्यभागी असा सुमारे ३० अब्ज टनांचा साठा असल्याचं तर २०१७ मध्ये कळलं. तोवर तो नकाशावर नीट दाखवलेलाही नव्हता. पीटमधलं पाणी चर खणून काढून टाकलं की हजारो वर्षांचं संचित काही दशकांत जातं, आणि आग लागली तर काही आठवड्यांत. १९९७ मध्ये एल निन्योच्या कोरड्या हंगामात इंडोनेशियातलं पीट जळलं तेव्हा एका वर्षात १ ते २ अब्ज टनांच्या घरात कार्बन हवेत गेल्याचे अंदाज आहेत. माणसाच्या त्या वर्षीच्या इंधनाच्या उत्सर्जनाशी तुलना करावी एवढा तो आकडा आहे. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत तर सुमारे १,५०० अब्ज टन आहेत, हवेतल्या साठ्याच्या दीडपटीहून जास्त. तिथे कुठलं खास रसायन राखण करत नाही, फक्त थंडी करते. वितळलेल्या जमिनीत पाणी साचलं तर कार्बन मिथेन होऊन बाहेर पडतो. मिथेन साधारण दशकभरात कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतो, पण तोवर त्याची उष्णता अडवण्याची ताकद कितीतरी पट जास्त असते.

समुद्राचं गणित रसायनशास्त्राचं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नुसता विरघळत नाही, पाण्याशी आणि कार्बोनेटशी अभिक्रिया करून बायकार्बोनेट होतो. समुद्रातल्या विरघळलेल्या कार्बनपैकी ९० टक्के बायकार्बोनेट असतं, वायूच्या रूपात उरतो तो जेमतेम १ टक्का. म्हणून समुद्रात हवेच्या चाळीसपट कार्बन मावतो. पण हीच अभिक्रिया आड येते. प्रत्येक नवा रेणू कार्बोनेट खर्च करतो आणि पुढच्या रेणूसाठी ते कमी उरतं. समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल आणि सूस यांनी १९५७ मध्ये हा अडसर मांडला. हवेतलं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर पृष्ठभागाच्या पाण्यातला एकूण कार्बन साधारण १ टक्क्यानेच वाढतो. पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच (जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं) औद्योगिक काळाआधी ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या जवळ आहे. ऐकायला क्षुल्लक, पण हायड्रोजन आयन पाव भागाहून जास्त वाढले.

वरचं पाणी साधारण वर्षभरात हवेशी जुळवून घेतं. खोल समुद्राला ते जमत नाही, कारण तिथे पोचायचे मार्ग मोजके आहेत. उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचं थंड, खारट, जड पाणी बुडतं आणि विरघळलेला कार्बन सोबत नेतं. ते पुन्हा वर यायला शेकडो ते हजार-दीड हजार वर्षं लागतात. दुसरा मार्ग सजीवांचा. सूक्ष्म प्लवक कार्बन उचलतात, मरतात, खाल्ले जातात, आणि त्यांचे अवशेष व विष्ठा खाली झिरपतात. वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास कार्बन अशा रीतीने उजेडाच्या थराबाहेर पडतो. बहुतेक वाटेतच कुजतो, तरी खोलवर कुजल्यामुळे शतकानुशतकं हवेपासून दूर राहतो. हे काम थांबलं तर हवेतलं प्रमाण दीडशे-दोनशे पीपीएमने वाढेल असे अंदाज आहेत.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. शिंपले, प्रवाळ यांच्या कवचांत कार्बन असतो, म्हणून त्यांची वाढ म्हणजे हवेतला कार्बन कमी होणं, असं मानलं जातं. प्रत्यक्षात कॅल्शियम कार्बोनेट बनताना बायकार्बोनेटच्या दोन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मोकळा होतो. कवच बनणं तेवढ्यापुरतं तरी वायू सोडणारं आहे. चुनखडी कायमचा साठा ठरते ती तिच्यातलं कॅल्शियम सिलिकेट खडकांच्या झिजेतून आलं असेल तरच. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी बेसाल्टसारख्या खडकांवर काम करतं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नद्यांतून समुद्रात जातात, तिथे कवचं होतात, तळाशी साचतात, आणि हिशेबाअंती हवेतून कार्बन वजा होतो. चुनखडी झिजली तर मात्र जेवढं घेतलं तेवढंच नंतर परत येतं. पुढे भूपट्टांच्या हालचालीत हा तळ खाली ओढला जातो, तापतो आणि ज्वालामुखींतून कार्बन पुन्हा वर येतो. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, निवली की कमी होते. पृथ्वीचं तापमान कोट्यवधी वर्षं पाणी द्रवरूपात राहील अशा मर्यादेत राहिलं त्यामागे बहुधा हेच नियंत्रण आहे. पण त्याचा वेग वर्षाला काही दशांश अब्ज टन एवढाच आहे.

सेंद्रिय कार्बनची गळतीही तशीच बारीक. जमीन आणि समुद्रावर दरवर्षी १०० अब्ज टनांहून जास्त सेंद्रिय कार्बन बनतो, त्यातला जेमतेम हजारावा भाग कुजण्यातून सुटून गाळात गाडला जातो. हवेतला ऑक्सिजन शिल्लक राहिला तो या गळतीमुळेच. आणि वर्षाला आपण जेवढं इंधन जाळतो तेवढा कार्बन गाडायला निसर्गाला आजच्या वेगाने पन्नास ते शंभर वर्षं लागतात. मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वीसपटीची ती उलाढाल हवा, पानं, माती आणि वरचं पाणी यांच्यातल्या जलद फेऱ्यात चालते. आपण मात्र खडकातून, म्हणजे फेऱ्याच्या बाहेरून, आत भर घालतो आहोत, आणि फेऱ्यातून खडकात परत जायची वाट फार अरुंद आहे.

चार-पाच वर्षं की हजार, याचाही उलगडा यातूनच होतो. हवेतले ९०० अब्ज टन भागिले वर्षाचे २००, म्हणजे एखादा रेणू सरासरी चार-पाच वर्षांत हवेतून जातो हे खरं. पण तो पानात किंवा समुद्रात गेला की बदल्यात तिथला दुसरा बाहेर येतो. हवेत जादा कार्बन-१४ तयार करून अणुचाचण्यांनी याचा नकळत प्रयोगच करून दिला. १९६३ च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या बहुतांशी थांबल्या, तेव्हा उत्तर गोलार्धातलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं होतं. पुढच्या काही दशकांत ते झपाट्याने उतरलं, आणि त्याच दशकांत एकूण कार्बन डायऑक्साइड मात्र वाढतच राहिला. खुणेचे रेणू अदलाबदलीत पांगले, साठा कमी झाला नाही. आपण घातलेल्या भरीपैकी साधारण ४५ टक्के आज हवेत राहते, बाकी जमीन आणि समुद्र जवळपास निम्मं-निम्मं वाटून घेतात. उत्सर्जन पूर्ण थांबलं तर समुद्र काही शतकं घेत राहील, पण हजार वर्षांनंतरही भरीचा पाचवा ते तिसरा हिस्सा हवेत असेल. मग तळावरची कार्बोनेटं विरघळून आणखी काही हजार वर्षांत थोडं कमी होईल, आणि उरलेलं सिलिकेटच्या झिजेवर सोपवावं लागेल. ५.६ कोटी वर्षांपूर्वी कार्बनचा मोठा लोंढा हवेत आला आणि पृथ्वी पाचेक अंशांनी तापली होती. दक्षिण अटलांटिकच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांत त्या काळी पांढरा कार्बोनेटचा थर अचानक संपून तांबूस चिकणमाती सुरू होते, म्हणजे तळावरचं कार्बोनेट विरघळून गेलं होतं. सगळं पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं गेली.

राहता राहिली झाडं. आजवर इंधनातून बाहेर काढलेला कार्बन ४५० अब्ज टनांच्या पुढे आहे, म्हणजे आज जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्या वनस्पतींएवढा किंवा त्याहून थोडा जास्त. तो झाडांत भरायचा तर पृथ्वीवर आणखी एक तेवढीच वनसृष्टी उभी करावी लागेल, आणि ती आग, कीड, दुष्काळ यांपासून हजारो वर्षं राखावी लागेल. तोडलेली जंगलं परत आणली तर जंगलतोडीतून गेलेल्या कार्बनचा चांगला हिस्सा परत येऊ शकतो, आणि उभं जंगल व पाण्याखालचं पीट राखणं हे नव्या लागवडीच्या आधी यायला हवं, कारण तिथला कार्बन जायला एक हंगाम पुरतो आणि यायला शतकं लागतात. पण जाळलेल्या कोळशाची भरपाई झाडाने करणं म्हणजे लाखो वर्षांसाठी ठेवलेली वस्तू काही दशकांच्या कोठारात हलवणं. ॲमेझॉनच्या आग्नेय भागात विमानातून घेतलेल्या मोजमापांत तो भाग घेण्यापेक्षा जास्त कार्बन सोडत असल्याचं २०२१ मध्ये दिसलं, म्हणजे कोठारही आहे तसं राहील हे धरून चालता येत नाही.

खडकात परत नेण्याचा वेग वाढवता येतो, हे मात्र आइसलँडमध्ये दिसलं आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, आणि त्यातला बहुतेक दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. निसर्गातल्या वेगाशी तुलना केली तर हे थक्क करणारं आहे. अडचण आकाराची आहे: तिथे वर्षाला मुरवला जाणारा वायू हजारो टनांत मोजतात, आणि आपण सोडतो तो अब्जांत.